रूट कॅनल आणि तथाकथित झिरकोनिया कॅप, डोंबिवली पूर्व : एक स्टार

आधीच सांगते, रूट कॅनल फेल झालं म्हणून मी हे लिहीत नाहीये. रूट कॅनल फेल होऊ शकतं, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होतं, हे मला नंतर नीट समजावून सांगितलं गेलंय आणि पटलंयसुद्धा. माझा राग लपवाछपवीवर आहे. क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये कारण पत्रव्यवहार अजून चालू आहे. पण डोंबिवली, कल्याण, ठाण्याकडच्या लोकांनी वाचा, कारण हा प्रकार काही एकाच दुकानात चालत नसणार. हो, दुकानच म्हणतेय.

तर सुरुवात आमच्या सोसायटीतल्या फ्री डेंटल चेकअप कॅम्पपासून. क्लबहाऊसमध्ये टेबल टाकून दोन मुली आणि एक मुलगा बसलेले, हातात तो छोटा आरसा, बॅटरी, आणि जो जाईल त्याला डीप कॅव्हिटी. बी विंगच्या काकूंना चार, त्यांच्या नातवाला तीन, वॉचमनला पण दोन. आमच्या सासूबाईंना तर पूर्ण कवळी आहे, वरची खालची दोन्ही, त्यांनाही दात क्लीनिंगवर अर्धी सूट असं कूपन दिलं. त्या घरी येऊन म्हणाल्या, अगं मी कवळी डबीत घालून पाठवू का त्यांच्याकडे. तेव्हा हसलो आम्ही सगळे. पण माझी खालची डावी दाढ खरंच दुखत होती, गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जायची आणि रात्री आडवं झालं की ठणका सुरू, त्यामुळे कूपन घेऊन मी गेले.

क्लिनिक दिसायला एक नंबर. एसी, काचेचा दरवाजा, चपला काढून निळे प्लॅस्टिकचे कव्हर घालायचे, खुर्चीच्या समोर मोठा टीव्ही. तोंडात पेनासारखा कॅमेरा घालतात आणि तुमची दाढ टीव्हीवर परातीएवढी दिसते, काळी, पिवळी, अगदी किळस येईल अशी. माझं म्हणणं आहे की कोणाचाही दात एवढा मोठा करून दाखवला तर माणूस घाबरणारच. त्यानंतर डॉक्टर बोलत नाहीत, ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर म्हणून एक ब्लेझरवाली मुलगी बाजूच्या केबिनमध्ये नेते आणि लॅमिनेट केलेलं रेटकार्ड पुढे ठेवते. रूट कॅनल 5500. कॅप मेटलची 3000, मेटल सिरॅमिकची, म्हणजे आत धातू आणि वरून पांढरी, 5000, झिरकोनिया, म्हणजे पूर्ण पांढरी बिनधातूची, 12000 आणि दहा वर्षांची वॉरंटी. ईएमआय पण आहे मॅडम, नो कॉस्ट. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, बहुतेक पॉलिसींत दाताचं काम अॅक्सिडेंट वगैरे असेल तरच मिळतं, म्हणजे सगळं खिशातून. मिस्टर म्हणाले एकदाच काय ते चांगलं करून घे, परत परत नको. म्हणून झिरकोनिया. एकूण साडेसतरा हजार, शिवाय एक्स-रे वेगळे.

बाहेरच्या बोर्डवर ज्यांचं नाव आणि पुढे एमडीएस, म्हणजे दातांच्या स्पेशालिस्टची डिग्री, लिहिलंय ते मोठे सर. माझ्या दाढेवर काम केलं ते एका तरुण मुलीने. ती कोण, शिक्षण काय, हे मी विचारलं तर आमची टीम आहे मॅडम, सर सगळं बघतात. सरांनी बघितलं, हो. फोनवर बोलत आले, दारातूनच टीव्हीकडे एक नजर टाकली, अंगठा वर केला आणि गेले. प्रिस्क्रिप्शनवर पण सही कोणाची ते कळत नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. आपल्याकडे डेंटिस्ट अॅक्ट 1948 साली आला, तेव्हापासून प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक डेंटिस्टचं स्टेट डेंटल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन असावं लागतं, त्याला एक नंबर असतो. तिच्याकडे नंबर नसेल असं मी म्हणत नाही, असेलच. मग लिहायला काय झालं?

आता प्रत्यक्ष काम. इंजेक्शन दिलं, ओठ अर्धा बधिर झाला पण दाढ बधिर झाली नाही. नंतर कळलं की नस खूप सुजलेली असेल तर खालच्या दाढांना इंजेक्शन पटकन लागत नाही, हे नेहमीचं आहे, अशा वेळी थांबतात, परत देतात, वेगळ्या जागी देतात. इथे थांबायला वेळ कोणाला, बाहेर पुढचा पेशंट बसलेला. दुखलं तर हात वर करा म्हणाली. मी हात वर केला. थोडंच राहिलंय मॅडम. परत हात वर केला. झालंच मॅडम. मग हात वर करायला सांगायचंच कशाला! डोळ्यातून पाणी येऊन कानात चाललेलं आणि वर छताला चिकटवलेल्या पोस्टरवर एक गोरी बाई सगळे दात दाखवून हसतेय.

आणि मग ते झालं जे मला तेव्हा कळलं नाही. ती बारीक सुईसारखी फाईल असते ना, ज्याने मुळाच्या आतली नळी साफ करतात, ती मशीनला लावून चाललेली, घर्र घर्र आवाज, आणि मधेच टक असा बारीक आवाज आला. दाढेतून हाडात जाणवला मला तो. मुलगी थांबली. फाईल बाहेर काढून डोळ्यासमोर धरून बघितली. मग हेल्परकडे बघितलं, हेल्परने ट्रेकडे बघितलं, आणि दोघीजणी एकदम गप्प. मी तोंड उघडंच ठेवून आँ आँ करून विचारलं काय झालं, तर काही नाही मॅडम, तोंड मोठं उघडा. ती उठून बाहेर गेली, बाहेर कुजबुज, परत आली, एक एक्स-रे काढला जो आधी ठरलेला नव्हता, आणि मला सांगितलं की तुमच्या दाढेची मुळं जरा वाकडी आहेत, कॉम्प्लिकेटेड केस आहे. बस. वाकडी मुळं माझी, म्हणजे दोष पण माझाच.

तोंडात कापसाच्या गुंडाळ्या कोंबलेल्या आणि त्या लाळेने भिजून सुटत होत्या. धुवायला जे औषध मारत होते ते घशात उतरत होतं, स्विमिंग पूलचं पाणी गिळल्यासारखी चव. मी खोकले तर थुंका म्हणाले आणि परत तसंच. हे कसं करायला पाहिजे होतं ते पुढे येईल.

बाहेर आले, अर्धा चेहरा सुन्न, पाणी प्यायला गेले तर ओघळ हनुवटीवरून ओढणीवर. रिसेप्शनला पैसे भरताना समोर क्यूआर कोडचा स्टँड सरकवला. मॅडम पाच स्टार दिले तर आजचा एक्स-रे फ्री. आत्ता? हो मॅडम, मी टाईप करून देते, तुम्ही फक्त सबमिट करा. मी म्हटलं नंतर देते. तर हे घ्या, ते नंतर आज आलंय.

कॅपची गोष्ट वेगळीच. माप घेतलं, काही दिवसांनी कॅप आली, बसवली, निळा कागद दातात धरायला दिला, चावा, टकटक करा, घासा. अरे पण परत इंजेक्शन दिलेलं, तोंड बधिर, मला कसं कळणार उंच लागतंय की बरोबर. घरी येऊन बधिरपणा उतरला तर तोंड बंदच होईना, त्या एका दाढेवरच सगळा भार. दुसऱ्या दिवशी गेले तर काय केलं माहितीये, कॅप घासायच्या ऐवजी वरची माझी चांगली, धडधाकट दाढ घासली! न विचारता. मी उठून बसले तेव्हा म्हणाली मॅडम झिरकोनिया जास्त घासली तर वॉरंटी जाते. म्हणजे देवाने दिलेल्या दाताला वॉरंटी नाही म्हणून तो घासा. वॉरंटी कार्ड मागितलं. झिरकोनियाच्या कॅपला लॅबचं कार्ड येतं, नंबर असतो त्याच्यावर. लॅबकडून येतंय मॅडम. पुढच्या वेळी गेले, येतंय. फोन केला, कुरियरला आहे. आजपर्यंत त्या कुरियरची मी वाट बघतेय.

काही महिने बरे गेले म्हणजे डाव्या बाजूने मी खातच नव्हते म्हणून बरे गेले. गणपतीच्या आसपास हिरडीवर फोड आला, दाबला की घाण चव, मग एका सकाळी गाल सुजला. क्लिनिकने अँटिबायोटिक दिलं, पाण्यात विरघळणारी पेनकिलर दिली, सूज उतरली, परत आली. कारणं ऐका. तुमची इम्युनिटी कमी आहे. रात्री दात खाता का? शुगर चेक केली का? शुगर केली, नॉर्मल. मग शेवटी मोठे सर पहिल्यांदा खुर्चीजवळ येऊन बसले, खांद्यावर हात ठेवल्यासारखा आवाज काढून म्हणाले की ताई हा दात आता राहील असं वाटत नाही, काढून टाकू आणि इम्प्लांट करू, या महिन्यात ऑफर आहे, 35000 मध्ये सगळं.

इथे माझं डोकं फिरलं. ज्या दाढेवर मी साडेसतरा हजार घातले ती काढायला पण तुम्हीच आणि तिच्या जागी नवीन बसवायला पण तुम्हीच, वर पस्तीस. मी शांतपणे म्हटलं मला माझे सगळे एक्स-रे द्या, मला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचेत. त्यावर मिळालेली उत्तरं: ते सॉफ्टवेअरमधून निघत नाहीत. पेनड्राइव्ह अलाऊड नाही. व्हायरस येतो. सर मीटिंगमध्ये आहेत. एक्स-रे क्लिनिकची प्रॉपर्टी असते. शेवटचं ऐकून तर मला हसायलाच आलं, दात माझा, पैसे माझे, प्रॉपर्टी यांची! शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि स्वतः पाणी प्यायला उठून गेली. मी फोनवर फोटो काढले. ती मुलगी आता तिथे नाही म्हणून लिहितेय, आणि जो एक स्टार दिलाय तो तिचा आहे.

माझं ऑफिस फोर्टला. सीएसएमटीच्या शेजारी, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज आहे, इतकी वर्षं मी त्याच्या बाजूने जातेय आणि कधी आत गेले नव्हते. ऑफिसमधल्या एका दादांनी आईची कवळी तिथून केलेली, ते म्हणाले जा, फक्त सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस धरून चाल. केसपेपर काढला, आधी तपासणीच्या डिपार्टमेंटला, तिथून एक्स-रे, तिथून रूट कॅनलवाल्यांकडे वर. झकपक काही नाही, एका हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, शिकाऊ मुलं, मागे फिरणारे सर. पण गंमत बघा, इथे मला पहिल्यांदा कोणीतरी एक्स-रे माझ्या हातात देऊन बोट ठेवून दाखवला.

एमडीएस करणारी मुलगी होती, पंचवीस सव्वीसची असेल. तिने सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. तुमची ही दाढ छत्तीस नंबर. म्हणजे छत्तीसावा दात नव्हे, पहिला आकडा कुठल्या बाजूचा ते सांगतो, तीन म्हणजे खालची डावी, आणि दुसरा आकडा मधोमधपासून कितवा. या दाढेला साधारण दोन मुळं असतात, पुढच्या मुळात दोन नळ्या, मागच्यात एक, काहींना दोन. सगळ्या नळ्या शोधून शेवटपर्यंत साफ करून बंद करायच्या असतात, त्यालाच रूट कॅनल म्हणतात. तुमच्या पुढच्या मुळातल्या एका नळीत अर्ध्यावर ही बघा, बारीक पांढरी रेघ, बाकीच्या भरणापेक्षा जास्त चकचकीत. हा फाईलचा तुकडा आहे. त्याच्या खाली काहीच भरलेलं नाही. आणि मुळाच्या टोकाला ही काळी सावली, तिथे इन्फेक्शन. तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?

मी गप्प. तो टक आवाज मला त्या क्षणी परत ऐकू आला.

ती पुढे म्हणाली की फाईल तुटणं होतं, आमच्याकडेही होतं, बारीक निकेल टायटॅनियमची असते, वाकड्या नळीत ताण येऊन तुटते. तुटली म्हणजे दात गेला असं नाही. कधी बाजूने रस्ता काढता येतो, कधी मायक्रोस्कोपखाली तुकडा निघतो, कधी आधीच साफसफाई नीट झालेली असेल तर तुकडा तसाच ठेवून पण दात वर्षानुवर्षं चालतो. फक्त पेशंटला त्याच दिवशी सांगायचं, कागदावर लिहायचं आणि लक्ष ठेवायचं. एवढंच. हे एवढंच त्या एसी क्लिनिकला जमलं नाही. त्या दिवशी सांगितलं असतं ना की मॅडम फाईल तुटली, स्पेशालिस्टकडे पाठवतो, तर आई शप्पथ मी भांडले नसते. घाबरले असते, एक दोन दिवस रडले असते, पण भांडले नसते.

काम सुरू केलं तेव्हा तिने दाढेभोवती क्लिप लावून एक रबराचा पातळ हिरवा पडदा ताणून बसवला, फक्त तेवढी दाढ वर, बाकी तोंड पडद्याखाली. रबर डॅम म्हणतात. लाळ आत जात नाही, औषध घशात उतरत नाही, आणि बारीक हत्यार हातातून सुटलं तर पोटात जात नाही. ओठाला एक हूक अडकवला, त्याची वायर छोट्या मशीनला, फाईल मुळाच्या टोकाजवळ गेली की मशीन पिंप पिंप करतं, म्हणजे नळी किती लांब ते कळतं. हे सगळं त्या परातीएवढ्या टीव्हीवाल्या क्लिनिकमध्ये नव्हतं, किंवा कपाटात असेल, माझ्या तोंडापर्यंत आलं नाही.

आणि आता कॅप. आत जायला कॅपला भोक पाडावं लागणार होतं. तिने मशीन लावलं, पांढरी पूड उडाली, आणि मग आवाज बदलला. कर्कश. ती थांबली, पाणी मारलं, आरशाने बघितलं आणि मला विचारलं, मॅडम ही कॅप कुठली सांगितली होती? मी पडद्याखालून जमेल तसं झिरकोनिया म्हटलं. तिने हातात आरसा दिला. वरती पांढरा थर आणि भोकाच्या आत राखाडी चकचकीत धातू. झिरकोनिया आरपार पांढरी असते, आत धातू नसतो. ही साधी मेटल सिरॅमिक, रेटकार्डवरची 5000 वाली. म्हणून हिरडीच्या कडेला ती काळी रेघ दिसायची, ज्याला क्लिनिकमध्ये म्हणाले की तुम्ही ब्रश नीट करत नाही. म्हणून ते कार्ड कुरियरमध्ये अडकलेलं. लॅब चुकली की यांनी चुकवलं ते मला माहीत नाही आणि सात हजाराचा फरक मोठा की छोटा तेही सोडा, पण मला घासायला दिली नाही ती कॅप वॉरंटी जाईल म्हणून, आणि वॉरंटी मुळात नव्हतीच! वरची माझी चांगली दाढ त्या खोट्या वॉरंटीपायी घासली गेली.

मी क्लिनिकला लेखी पत्र दिलं. नवऱ्याच्या मित्राने, जो कोर्टात असतो, मसुदा करून दिला. त्यानेच सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये ते स्पष्ट केलंय, आता 2019 चा नवीन कायदा आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ठाणे जिल्ह्याचा आयोग ठाण्यातच आहे, पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर फी लागत नाही, ऑनलाइन पण होते. आधी विचारायचं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि डॉक्टरच्या वागणुकीबद्दल तक्रार स्टेट डेंटल कौन्सिलकडे, ती वेगळी. पत्र द्या, पोच घ्या, पावत्या सांभाळा. माझ्याकडे पावती आहे आणि तिच्यावर ठळक झिरकोनिया लिहिलंय, ते बरं झालं, बिनाबिलाचं थोडं कमी करतो मॅडम म्हणाले होते, आमच्या मिस्टरांना बिलाशिवाय भाजी पण घ्यायची नसते म्हणून वाचले.

पत्र मिळाल्यावर मोठ्या सरांचा स्वतः फोन. ताई गैरसमज झालाय, लॅबने घोळ केला, तुम्ही आमच्या फॅमिलीसारख्या. कॅपचे 12000 परत देतो, फक्त एका कागदावर सही करा की तुमची कसलीही तक्रार नाही आणि पुढे कुठे काही लिहिणार नाही. फाईलचं विचारलं तर म्हणे ती फाईल नाही, तो भरणातलाच मसाला आहे, सरकारी कॉलेजातल्या पोरांना काय कळतं. मी म्हटलं मग हेच लिहून द्या लेटरहेडवर, की तो मसाला आहे. तेव्हापासून फोन नाही.

सध्या दाढ शाबूत आहे. तुकडा निघाला नाही पण बाजूने खालपर्यंत रस्ता मिळाला, साफ करून औषध भरून ठेवलंय, फोड गेलाय, सूज नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून सावली कमी होतेय का बघणार, मग पक्की कॅप. राहील का, तर ती मुलगी म्हणाली चान्स चांगला आहे, गॅरंटी देत नाही. गॅरंटी देत नाही हे ऐकून मला एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

ज्यांना तरीही अशा क्लिनिकमध्ये जायचंय किंवा आधीच ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी निदान काम झालेल्या दिवशीचा शेवटचा एक्स-रे तिथल्या तिथे फोनवर मागून घ्या, काम करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि झिरकोनिया असेल तर कार्ड हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. रबर डॅम लावता का असं नुसतं विचारून बघा, समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं. बाकी क्लिनिक स्वच्छ आहे, लिफ्ट आहे, दुचाकीला पार्किंग मिळतं, वेटिंगमधली कॉफी बरी असते. कॅम्प परत आलाय आमच्या सोसायटीत, या रविवारी, नोटीस लागलीय बोर्डावर. सेक्रेटरींना मी हा सगळा मजकूर आणि एक्स-रेचा फोटो पाठवलाय, त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, कॅम्पवाले सोसायटीला वॉटर कूलर देणार आहेत म्हणे.